जनरल हलच्या वाटेवरची बटणे: ओहायोतल्या एका शेताचे प्रकरण

पार्श्वभूमी

ओहायो राज्याच्या वायव्य भागात आज नजर पोहोचेल तिथवर मका आणि सोयाबीन दिसते. काळी, चिकण, सपाट जमीन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून आणि निचऱ्यासाठी भाजक्या मातीच्या नळ्या पुरून ती नांगराखाली आणली गेली. त्याआधी इथे 'ब्लॅक स्वॉम्प' नावाची दलदल होती. वाट काढायची तर दलदलीतून वर आलेल्या वाळूच्या आणि मुरमाड जमिनीच्या उंचवट्यांवरून.

जून १८१२ मध्ये अमेरिकी जनरल विल्यम हल ओहायोतल्या अर्बाना गावाहून डेट्रॉइटकडे निघाला. त्याच्याबरोबर सुमारे दोन हजार माणसे होती: ओहायोच्या मिलिशियाच्या, म्हणजे नागरिकांच्या हंगामी फौजेच्या, तीन रेजिमेंट आणि चौथी यू. एस. इन्फंट्री, म्हणजे नियमित पायदळाची रेजिमेंट. झाडे तोडत, ओंडके टाकत रस्ता करत जायचे, रात्री मुक्काम, सकाळी पुन्हा कुऱ्हाडी. पावसाने इतके झोडपले की एका ठिकाणी गाड्या पुढे सरकेनात, म्हणून तिथेच गढी उभारली आणि तिला नावही 'फोर्ट नेसेसिटी' पडले. ब्रिटनशी युद्ध १८ जूनला पुकारले गेले, पण हलला ते कळले २ जुलैला; त्याचे सामान आणि कागदपत्रे घेऊन पुढे गेलेले जहाज तर ब्रिटिशांनी पकडले. १६ ऑगस्टला त्याने डेट्रॉइट लढाई न देताच शत्रूच्या हवाली केले. पुढे लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला आणि राष्ट्राध्यक्ष मॅडिसनने तो माफ केला.

वाट काढण्याआधी हलने अर्बानात शॉनी, वायन्डॉट वगैरे मूळ अमेरिकी जमातींच्या प्रमुखांची सभा घेऊन रस्त्यासाठी त्यांची संमती मिळवली होती. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहाप्रमाणे हा मुलूख त्यांच्याकडेच राहिला होता. या प्रकरणात परवानगीचा विषय पुढे फार येणार आहे, म्हणून एवढे आधीच सांगून ठेवतो.

हल गेला तरी वाट राहिली. त्याच हिवाळ्यात दुसरा अमेरिकी सेनापती विल्यम हेन्री हॅरिसन याच्या फौजेची रसद याच बाजूने उत्तरेकडे जात होती; फेब्रुवारी १८१३ मध्ये त्याने मॉमी नदीवर फोर्ट मेग्ज बांधायला घेतला. म्हणजे एकाच उंचवट्यावर वर्षभराच्या आत दोन वेगळ्या फौजा उतरलेल्या असू शकतात. मागे काय राहते? खिळे, ओतताना सांडलेले शिसे, खिशातून पडलेल्या गोळ्या, घोड्यांचे नाल आणि बटणे.

बटणांना भाव आहे तो ती बोलतात म्हणून. त्या काळच्या अमेरिकी सैन्यात पायदळाची बटणे पांढऱ्या धातूची, तोफखान्याची पिवळी. साध्या शिपायाचे बटण प्युटरचे, म्हणजे मुख्यतः कथलाचे, साच्यात ओतलेले. १८१२ च्या सुमारास पायदळाच्या बटणावर लफ्फेदार वळणाचे 'आय' हे अक्षर येते आणि काहींवर त्याखालच्या लंबगोलात रेजिमेंटचा आकडा असतो. मिलिशियावाले बहुतेक घरच्या जाड्याभरड्या कापडाच्या डगल्यात आलेले, त्यामुळे लष्करी बटण मिळाले की बोट नियमित फौजेकडे जाते. त्यातही आकडा वाचता आला तर काम सोपे होते. सतरावी इन्फंट्री केंटकीत भरती झालेली, एकोणिसावी ओहायोत, आणि दोन्ही हॅरिसनच्या मोहिमेतल्या. लंबगोलात १७ किंवा १९ दिसले तर तो मुक्काम हलचा नव्हे.

या प्रकरणातली माणसे अशी: साताऱ्याकडचा एक मराठी अभियंता, कारखान्यात नोकरीला, त्याचा अमेरिकी शेजारी, निवृत्त ट्रकचालक, बरीच वर्षे मेटल डिटेक्टर फिरवणारा, शेत कसणारा शेतकरी, आणि पुढे भेटणाऱ्या एक वृद्ध बाई. नावे, काउंटी (म्हणजे जिल्हा) आणि ओढ्याचे नाव वगळले आहे. जागा सांगायची नाही हा या क्षेत्रातला शिष्टाचार आहे, कारण पत्ता फुटला की रात्री कंदील लावून खणणारे येतात.

प्रश्न कसा उभा राहिला

सोयाबीनची कापणी झाली की शेत मोकळे होते आणि खुंट बुटके असतात, यंत्राची थाळी जमिनीलगत फिरवता येते. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी दोघे ओढ्याकाठच्या उंचवट्यावर होते. शेतकरी शेजाऱ्याचा जुना मित्र. "कधीही या, खड्डे बुजवा" एवढीच त्याची अट.

अशा यंत्रात लोखंड गाळण्याची सोय असते. जुन्या शेतात खिळे, तारा, अवजारांचे तुकडे इतके असतात की ती सोय लावली नाही तर कानात सतत खरखर चालू राहते. शेजाऱ्याने ती कायम लावून ठेवलेली. प्युटरचा आवाज कोक-बिअरचा डबा उघडायच्या कडीसारखाच येतो, त्यामुळे नवखे लोक तो सोडून देतात. शेजारी मात्र असा आवाज सोडू नको म्हणून बजावत असे. अभियंत्याने थांबून फावड्याने चौकोनी ढेप उचलली आणि ती हाताने फोडली. आत राखाडी कडा दिसली. नखाने माती सरकवली तसा तो गोल तुकडा सुटला. त्याच्या पृष्ठभागावर पांढरट फोड, मागे तारेच्या कडीचा गंजलेला ठिपका, समोर अक्षराचे वळण, आणि त्याखाली एक पुसट लंबगोल ज्यात काहीतरी होते.

त्याने मोबाइलवर एक फोटो काढला, तोही उन्हाकडे पाठ करून, आणि तो हलून धूसर आला. शेजाऱ्याने बटण घेतले, अंगठ्याने चोळले आणि "घरी धुऊ" म्हणून डबीत टाकले. संध्याकाळपर्यंत आणखी दोन मिळाली. रात्री शेजाऱ्याच्या मोरीत नळाखाली मऊ ब्रशने तिन्ही धुतली गेली. दोनशे वर्षे चिकण मातीत राहिलेल्या प्युटरचा वरचा थर ठिसूळ झालेला असतो. नक्षीकाम त्या थरातच असते. फोड गेले, चमक आली. अक्षर वाचता येत होते, पण लंबगोल गुळगुळीत झाला होता. पुरातत्त्ववाल्यांच्या लेखी इथेच प्रकरणातला सर्वांत मोठा तोटा झाला, आणि तेव्हा दोघांपैकी कुणाच्या लक्षातही आला नाही.

त्या रात्री अभियंत्याने साताऱ्याला फोन लावला. वडील तलाठी म्हणून निवृत्त झालेले.

"बाबा, दोनशे वर्षांपूर्वीचं लष्करी बटण सापडलंय."

"कुणाच्या रानात?"

"ओळखीच्या शेतकऱ्याच्या. त्याची परवानगी आहे."

"त्याच्या मालकीचं आहे, का खंडानं करतो?"

हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता.

"कुळानं हो म्हटलं म्हणजे मालकानं म्हटलं असं नाही. सातबारा बघ आधी."

तिथे सातबारा नसतो, पण काउंटीच्या ऑडिटरच्या संकेतस्थळावर प्रत्येक तुकड्याचा नकाशा, हद्द आणि मालकाचे नाव कोणालाही पाहता येते. अमेरिकेतल्या शेतजमिनीपैकी जवळजवळ ४० टक्के जमीन भाड्याने कसली जाते. हे शेत त्यातलेच निघाले: मालकी एका वृद्ध बाईंची. आणि ओढ्याच्या काठाची एक अरुंद पट्टी तर त्यांचीही नव्हती. ती एका सार्वजनिक उद्यान संस्थेच्या नावावर होती. शेतात उभे राहून ते कळण्यासारखे काहीच नव्हते, ना कुंपण ना खांब. मोबाइलच्या फोटोंना स्थाननोंद होती. तीनपैकी दोन बटणे शेतातच. तिसऱ्याचा ठिपका हद्दीच्या रेषेवर, आणि मोबाइलची चूक चार-पाच मीटरची सहज असते.

समोर असलेले पर्याय

शेजाऱ्याचे म्हणणे सरळ होते. शेतकऱ्याने हो म्हटले आहे, इतकी वर्षे कोणी विचारले नाही, नांगर आणि खते मिळून दरवर्षी ही बटणे खातच आहेत; आपण उचलली तर निदान टिकतील. या युक्तिवादातला शेवटचा भाग मला पटतो. नांगरटीच्या थरातल्या वस्तू जागेवर 'सुरक्षित' नसतात, अवजाराच्या प्रत्येक फेरीत त्या सरकतात, तुटतात. पण कायद्यात शेतातली वस्तू जमीनमालकाची असते. भाडेकरूला पीक घेण्याचा हक्क असतो, मातीतल्या वस्तू वाटण्याचा नव्हे.

दुसरा पर्याय, काहीच न करण्याचा. बटणे बाईंकडे नेऊन द्यायची, माफी मागायची आणि त्या शेताचा नाद सोडायचा. अभियंत्याच्या पत्नीला हाच योग्य वाटत होता. परदेशात व्हिसावर राहणाऱ्या माणसाने जमिनीच्या भानगडीत पडू नये, हे तिचे म्हणणे अगदी व्यवहारी होते. जमीन संघराज्य सरकारची असती तर तिची भीती शंभर टक्के खरी ठरली असती. १९७९ च्या पुरातत्त्व संसाधन संरक्षण कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू सरकारी जमिनीतून परवान्याविना काढणे हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. वस्तूची आणि दुरुस्तीची किंमत पाचशे डॉलरवर गेली की शिक्षा दुप्पट. खाजगी शेताला हा कायदा सहसा लागत नाही. पण उद्यान संस्थेच्या पट्टीचे तिचे वेगळे नियम होतेच.

तिसरा, बाईंची लेखी परवानगी घेऊन छंद तसाच चालू ठेवायचा आणि सापडेल त्यात वाटणी. अमेरिकेत खाजगी जमिनीवर हे पूर्ण कायदेशीर आहे आणि बहुसंख्य लोक हेच करतात.

चौथा, पुरातत्त्वज्ञाला बोलवायचे. शेजारी याच्या सक्त विरोधात. त्याच्या अनुभवात पुरातत्त्ववाले डिटेक्टरवाल्यांना चोर समजतात. हा राग निराधार नाही, पण जुना आहे. मोंटानातल्या लिटल बिगहॉर्नच्या, अमेरिकी सैन्य आणि मूळ जमाती यांच्यातल्या लढाईच्या, रणभूमीवर १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळाले, आणि १९८४-८५ मध्ये पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी डिटेक्टर चालवणारे स्वयंसेवक हाताशी धरून प्रत्येक काडतूस नकाशावर मांडले. लढाई कशी सरकत गेली ते त्यातून दिसले. ओहायोतच, १७९४ ची फॉलन टिंबर्सची लढाई पूरमैदानात झाली असे पिढ्यान्‌पिढ्या मानले जात होते. पुरातत्त्वज्ञ जी. मायकेल प्रॅट यांनी १९९५ मध्ये डिटेक्टरने पाहणी केली तेव्हा गोळ्या आणि बटणे वरच्या सपाटीवर निघाली, आणि खरी रणभूमी स्मारकापासून दूर आहे हे सिद्ध झाले. बटणांनी एका लढाईची जागा बदलली, असे याचे सरळ वर्णन करता येईल.

अभियंता तिसऱ्या आणि चौथ्यात अडकला होता. निर्णय झाला तो एका छोट्या कारणाने. त्याने बटणांचे फोटो शेजारी ठेवून पाहिले तेव्हा धुण्याआधीच्या त्या हललेल्या फोटोत लंबगोलात काहीतरी उंच उभे दिसत होते. एकच उभी रेघ की दोन आकडे, ते कितीही मोठे करून कळेना. बटण हातात असूनही उत्तर गेले होते, आणि जे राहिले होते ते फक्त 'कुठे सापडले' एवढेच. ते सांगायला यंत्राची गरज नव्हती, नोंदीची होती.

काय केले

पहिल्यांदा खणणे बंद. मग बाईंना पत्र. त्या गावातल्या वृद्धाश्रमात राहत होत्या आणि शेताचा व्यवहार पुतण्या पाहत होता. भेट झाली तेव्हा त्यांनी बटणांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांचा एकच प्रश्न: "यामुळे सरकार जमीन घेईल का?"

ही भीती अमेरिकी शेतकऱ्यांत सर्रास दिसते आणि अनेक जागा यामुळेच मुकाट्याने नांगरल्या जातात. उत्तर नकारार्थी होते. खाजगी शेतात जुना तळ सापडला म्हणून जमीन सरकारजमा होत नाही. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत जागा गेली तरी खाजगी मालकाने स्वतःच्या पैशाने काय करावे यावर त्या नोंदीमुळे बंधन येत नाही. पुतण्याला हे पटायला वेळ लागला. शेवटी एक पानाचा करार झाला: पेरणीआधीच काम, खड्डे त्याच दिवशी बुजवायचे, मानवी हाड दिसले तर तिथेच थांबून शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, फोन, जागेचा पत्ता कोणालाही नाही, आणि सापडलेल्या वस्तू निर्णय होईपर्यंत बाईंच्या. शेतकऱ्यालाही त्यात सही करायला लावली. ही पुतण्याची सूचना आणि फार शहाणी. कुळाला डावलून मालकाशी परस्पर बोलणी केली असती तर शेजाऱ्याची जुनी मैत्री तुटली असतीच, शिवाय ट्रॅक्टर कधी येणार हे कोणी सांगितले नसते.

दुसरे पत्र उद्यान संस्थेला. शेजारी म्हणाला, रेषेवरचा ठिपका आहे, शेतात होते म्हणून सांग, कोण तपासणार? अभियंत्याने नकाशा आणि फोटो तसेच पाठवले आणि ठरवायचे काम त्यांच्यावर सोपवले. काही आठवड्यांनी संस्थेचे पत्र आले: बटण जमा करावे, पुढे पट्टीत यंत्र नेऊ नये, याहून अधिक कारवाई नाही. बटण गेले. शेजारी या प्रकाराने इतका वैतागला की त्याने येणेच सोडले.

राज्यातल्या एका विद्यापीठातला पुरातत्त्वज्ञ पत्राला उत्तर द्यायला हिवाळा उलटेपर्यंत थांबला. आला तेव्हा बटणांआधी त्याने विचारले, "खिळे कुठे टाकलेत?" ते बांधाच्या कडेला एका बादलीत होते, गेल्या अनेक वर्षांचे एकत्र, जे यंत्राची गाळणी चुकवून हाती आले तेवढेच. गाड्या, पेट्या, घोडे यांचा माग लोखंडात असतो; ते गाळले की तळाचा मोठा भाग नकाशावरून नाहीसा होतो. हाताने घडवलेला खिळा आणि पत्रा कापून केलेला खिळा यांतला फरक काळ सांगतो. बादलीतले खिळे पाहून त्याला काळ कळला, पण जागा एकाचीही नाही.

मार्चच्या शेवटी, जमीन ओली आणि मोकळी असताना पाहणी झाली. दोऱ्या बांधून दीड मीटरच्या पट्ट्या, लोखंड गाळणे बंद, प्रत्येक आवाजाला झेंडी, झेंडीला क्रमांक, क्रमांकाला जीपीएसची नोंद आणि पिशवी. नांगरटीच्या थराखाली, म्हणजे साधारण फूटभराच्या खाली, कोणी गेले नाही. एका ठिकाणी ढेपेखाली काळसर डाग दिसला, चुलीचा असू शकेल असा; त्यावर माती परत टाकून फक्त नोंद केली. अभियंत्याला तो डाग उघडून पाहायचा मोह झाला होता. पुरातत्त्वज्ञाने सांगितले की चूल एकदाच उघडता येते, आणि त्यासाठी लागणारी माणसे व प्रयोगशाळा आज हाताशी नाहीत.

काम मात्र अभियंत्यानेच सर्वाधिक केले. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना मृदू आवाज ओळखता येत नव्हते. शेवटच्या दिवशी त्याने शेजाऱ्याला फोन करून बोलावले आणि तो आला. गाळणी बंद केलेल्या यंत्राच्या खरखरीतून प्युटर वेगळे काढणे ही त्याच्याच कानाची करामत, हे पुरातत्त्वज्ञानेही मान्य केले.

निष्पत्ती

नकाशा तयार झाला तेव्हा वस्तू उंचवट्याच्या माथ्यावरून लांबट पट्ट्यात आल्या, उतारावर जवळजवळ काहीच नाही. न झाडलेल्या बंदुकीच्या गोळ्या, छर्रे, सांडलेल्या शिशाचे थेंब, खिळे, नालाचे तुकडे, आणखी दोन बटणे. त्यातले एक साधे, एकावर 'यूएस'. गोळ्या आपटून चपट्या झालेल्या नव्हत्या, म्हणजे इथे झुंज झाली नव्हती, लोक राहिले होते. गोळ्यांचा व्यास अमेरिकी मस्केटला चालेल असा, ब्रिटिश बंदुकीपेक्षा लहान. लष्करी मुक्काम, १८१२ च्या युद्धाचा काळ, इथवर सगळ्यांचे एकमत झाले.

कोणाचा मुक्काम, यावर नाही. हलच्या बाजूने वाटेची दिशा आणि मुक्कामांमधले अंतर आहे. हॅरिसनच्या बाजूने नालांचे प्रमाण, कारण रसदीच्या गाड्या त्या वाटेने वारंवार गेल्या. नंतर मिळालेल्या बटणांवर आकडा नव्हता. ज्यावर होता ते धुतले गेले होते. अहवालात 'हल किंवा हॅरिसन' असे लिहिले आहे आणि त्यापुढे जाणारा पुरावा आज नाही.

जागेची नोंद राज्याच्या पुरातत्त्व सूचीत झाली. ओहायोचा राज्यक्रमांक ३३, त्यापुढे काउंटीची अक्षरे आणि जागेचा आकडा. अशा सूचीतली नेमकी ठिकाणे सर्वांना दाखवली जात नाहीत. वस्तू बाईंनी जवळच्या एका छोट्या संग्रहालयाला दिल्या, शेजाऱ्याच्या मोरीत धुतलेले एक बटण सोडून. ते त्यांनी अभियंत्याला दिले, लेखी चिठ्ठीसह. त्या चिठ्ठीचा आग्रह पुतण्याचाच.

शेजाऱ्याचे प्रकरण थोडे वेगळे संपले. त्याच्याकडे सिगारच्या लाकडी पेटीत त्या परिसरातली बरीच बटणे होती, काही पितळी, मागे कारखान्याचा शिक्का असलेली, बहुधा १८१२ च्या नंतरच्या काळातली. ती त्याने फोटो काढायला दिली. कोणते कुठले हे विचारल्यावर "ओढ्याच्या वळणापाशी" एवढेच तो सांगू शकला, आणि त्या ओढ्याला वळणे पुष्कळ आहेत. पेटी त्याने परत घेतली. बाजारात दुर्मीळ लष्करी बटणे शेकडो डॉलरना जातात. त्याने एकही विकलेले नाही, हे त्याच्याबद्दल न्यायाने सांगायला हवे.

काय वेगळे करता आले असते

हद्द आणि मालकी पाहायला दहा मिनिटे लागली असती आणि ती यंत्र गाडीत टाकण्याआधी घालवायला हवी होती. यावर फार बोलण्यासारखे नाही.

बटण धुण्याविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण घरोघरी हीच चूक होते. प्युटर मातीसकट, शक्यतो त्याच ओलाव्यात, झाकण असलेल्या डबीत ठेवावे. पाणी नको, ब्रश नको, लिंबू-सोडा तर मुळीच नको. कोरडी माती बांबूच्या टोकदार काडीने, भिंगाखाली, कणाकणाने काढता येते आणि नाही काढली तरी बिघडत नाही. तिरपा प्रकाश टाकून चारी बाजूंनी फोटो घेतले असते तर आकडा बहुधा वाचता आला असता. पितळेवरचा सोन्याचा मुलामा पाण्याने सहसा जात नाही, म्हणून शेजाऱ्याची सवय पितळी बटणांवर कधी अंगलट आली नव्हती; प्युटरला तीच सवय लावली आणि घात झाला.

लोखंड गाळायचे की नाही हा प्रश्न मला तितका सोपा वाटत नाही. गाळणी बंद करून एकट्याने अख्खे शेत चालणे अशक्य आहे. पण पहिले लष्करी बटण हाती लागताच आजूबाजूच्या पन्नासेक फुटांत तरी ती बंद करून झेंड्या लावायला हव्या होत्या. त्याच क्षणी ती जागा 'बटणे मिळतात ते शेत' राहिली नव्हती.

पुरातत्त्वज्ञाच्या बाजूनेही उणीव होती. चार महिने उत्तर नाही, या काळात दुसऱ्या कुणीही खणणे चालू ठेवले असते. ज्या राज्यात फॉलन टिंबर्सचे उदाहरण आहे तिथे डिटेक्टरवाल्याच्या पत्राला आठवड्यात दोन ओळी तरी जायला हरकत नव्हती. आणि मूळ जमातींच्या आजच्या प्रतिनिधींना कोणी कळवलेच नाही. मुक्काम लष्करी असला तरी तो उंचवटा त्याआधी शेकडो वर्षे कोरडी जागा म्हणून वापरात असणार. काळ्या डागाचे वय कोणालाच माहीत नाही. पुढे खोल उत्खनन झाले तर पहिली चर्चा तिथून व्हायला हवी.

उद्यान संस्थेला पाठवलेल्या पत्रावर अभियंत्याच्या ओळखीत दोन तट आहेत. काहींच्या मते त्याने विनाकारण बटण घालवले. मला ते पत्र योग्य वाटते, आणि कारण नीतीचे कमी, कामाचे जास्त आहे: ते बटण 'शेतात' म्हणून नोंदले गेले असते तर पट्टा ओढ्यापर्यंत उतरतो असे नकाशात दिसले असते, आणि तळाची कड चुकीच्या जागी पडली असती.

हे सगळे ऐकून वडिलांनी विचारले की यंत्र घेऊन येशील का, वाईच्या बाजूला जुन्या छावणीच्या माळावर फिरवून बघू. भारतात हे जमणार नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत लपलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. संरक्षित किल्ले, स्मारके आणि स्थळांवर १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागतो, आणि पुरातत्त्वीय हेतूने खणायचे तर परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे देशाबाहेर नेता येत नाही. मालकाने हो म्हटले की खणा, ही ओहायोतली मोकळीक इथे नाही. वडिलांनी माळाचा सातबारा काढून ठेवला होता. तो सरकारी गायरानाचा निघाला.